ळ

वडसा. बसस्टँडच्या मागे, जनरेटरच्या दुकानावर
एक टेबल, कुणाच्या तरी पोराचा जुना लॅपटॉप
आणि ब्राउझरमध्ये उघडलेली एक टॅब.
सॉफ्टवेअर विकत घ्यायचं राहून गेलं ते गेलंच;
ही टॅब फुकट आहे, मोबाइलच्या नेटवर
रखडते, पण उघडते.

चांदणवेल नाट्यकला मंडळ.
'उंबरठ्याआडची वाघीण', तीन अंकी.
मालक म्हणाले, नायिकेचा फोटो मोठा घ्या,
व्हिलनचा त्याहून मोठा,
आणि मंडळाचं नाव मात्र
डोमाजी पेंटरनं लिहिलं होतं तसंच पाहिजे.

म्हणून पत्रा आला.
हिरव्यावर पिवळी अक्षरं, वीस वर्षांचं ऊन खाल्लेली,
खाली कोपऱ्यात: डोमा आर्ट्स, जुनी वडसा.
फोटो काढला, टॅबमध्ये ओढला,
वर एक कोरा थर अंथरला
आणि अक्षरांवरून रेघ फिरवत निघाले.

बाकीची ऐकली.
म, टिंबासकट. ड तर एका दमात.
ळ ऐकेना.

आधी आपोआप काढून पाहिला:
मशीननं दिले तीनशे अकरा ठिपके.
गंजाचा कण दिसला, ठिपका.
रंगाचा पोपडा सुटला, ठिपका.
मग एकेक पुसत बसले.
प्रत्येक ठिपक्याला दोन मिशा;
एक ओढली की पलीकडची वाकते,
वळण इकडे भरतं, तिकडे सुटतं.
दोनशे. नव्वद. चाळीस.
लाइट गेली. आली.
टॅबनं माझे सत्तावीस ठिपके सांभाळून ठेवले होते,
मला उगाच रडू आलं.
रात्री अकराला उरले नऊ.
नऊ ठिपक्यांत तो उभा राहिला,
दोन पोटांचा, मधे कंबर आवळलेला,
डावं पोट जरा जास्त जेवलेलं.

दुसऱ्या दिवशी डोमाजी नाकाडे स्वतः आले.
उजवा हात आता खिशातच असतो.
स्टुलावर बसून ठिपके मोजले.
"मी त दोनदाच बरस टेकवलो,
तुले नऊ लागले?"

मग म्हणाले, किती मोठा होते?
दाखवला. मोठा केला. अजून. अजून.
कड फाटली नाही, पायऱ्या पडल्या नाहीत,
शेवटी स्क्रीनभर नुसतं पिवळं.
"गावाएवढा पण होईल, काका."
"मंग गावात राहीन कोन?"

चहा येईपर्यंत ते पोस्टर वाचत होते, मोठ्यानं,
आमच्याकडे वाचतात तसं:
चांदनवेल नाट्यकला मंडर.
आणि माझा हात माउसवर थांबला.
आमच्या झाडीत ळ कुणी बोलतच नाही.
शाळेला सारा, फळाला फर,
काळ्या बैलाला कारा.
या माणसाच्या तोंडातून कधी न निघालेलं अक्षर
बोटांतून इतकं भरून आलं,
ते पाहिलं तरी कुठं होतं त्यांनी?

विचारलं.
"सायकल," म्हणाले. "दोन चाकं, मंधात दांडी.
मांगचं चाक पंक्चर."

मी गप्प.
कारण सकाळीच मी दोन्ही पोटं सारखी केली होती,
उजव्याची आरशातली नक्कल डावीकडे,
मापात, स्वच्छ, कुणाचीच नसलेली.
माघारीचं बटण दाबत गेले, अकरा वेळा.
चाकातली हवा हळूहळू गेली.
ते काही बोलले नाहीत. बशीत चहा ओतला,
डाव्या हातानं.

फाइल झाली चार केबी.
नाव काय ठेवू, असं टॅबनं विचारलं तेव्हा
टाइप केलं: मंडर.

दुपारी नागपूरच्या छापखान्यातून फोन.
मॅडम, नावात स्पेलिंग चुकलंय का?
म्हटलं, उघडा तर.
आत आहे ळ.